आजोळी आलेलं मूल, दोन देशांची कोर्टं आणि मध्यस्थी

उन्हाळ्याच्या सुट्टीला म्हणून सोलापूरला आलेली मुलगी परतीच्या तिकिटाची तारीख उलटली तरी लेकरासह माहेरीच राहते. तिकडे न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये नवरा कोर्टात जातो आणि मूल परत आणा असा आदेश मिळवतो. इकडे सासरच्यांवर छळाचा गुन्हा दाखल होतो. कधी बापच मूल घेऊन येतो आणि आई तिकडे अडकते, पण पुढची वाट तीच.

अशा प्रकरणांसाठी १९८० चा हेग करार आहे. १६ वर्षांखालचं मूल ज्या देशात नेहमी राहत होतं तिथे लवकर परत जावं आणि ताब्याचा निकाल तिथल्या कोर्टाने द्यावा, हा त्याचा गाभा. सहा आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. भारताने या करारावर सही केलेली नाही. त्यामुळे परदेशातल्या पालकाला इथे उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असं मागणारा अर्ज, करावा लागतो. सोलापूरकरांसाठी ते काम १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (खंडपीठाकडे) आहे. परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, पण मुलाचं हित सर्वांत वर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे निकाल कुणाच्या बाजूने लागेल हे कुठलाही वकील छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोघांनी बोलणीला बसावं याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे, आणि ते दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलाला पहिल्या भेटीतच सांगायला हवं.

वेळ पहिल्या काही आठवड्यांचाच असतो. जूनमध्ये शाळा सुरू झाली, मुलाला इथे मित्र मिळाले, की इकडची बाजू "आता ते रुळलंय" म्हणते आणि तिकडची "मुद्दाम वेळ काढला" म्हणते. म्हणून "आधी केस मागे घ्या, मग बोलू" हा सल्ला घातक आहे. केस चालू ठेवून मध्यस्थी करावी. तारखेला कोर्टाकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात: मुलाचा पासपोर्ट जमा, दुसऱ्या पालकाशी नियमित व्हिडिओ कॉल, आणि मध्यस्थी कधी संपवायची याची ठरलेली तारीख. शेवटची नसेल तर बोलणी हेच लांबवण्याचं हत्यार होतं.

मध्यस्थ एक नको, दोन हवेत. युरोपात या कामात रुळलेली पद्धत अशी: एक स्त्री, एक पुरुष, एक कायद्याचा, एक मानसशास्त्राचा किंवा समुपदेशनाचा, आणि दोघांमध्ये मिळून दोन्ही पालकांच्या भाषा आणि देश यावेत. सोलापुरात भाषेचा प्रश्न फार खरा आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात भांडण तेलुगूत होतं, अक्कलकोटकडच्या घरात कन्नडमध्ये, आणि कागद सगळे इंग्रजीत. रागाने आणि रडत बोललेलं माणूस आपल्या घरच्या भाषेतच नीट सांगतं. त्यासाठी दुभाषा लागला, तर तो मामा किंवा आत्या कधीच नसावी.

संयुक्त बैठकीआधी दोघांशी वेगवेगळं, फोन दुसऱ्याच्या हाती नसताना बोलायचं. मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी यांची चौकशी तिथेच व्हायला हवी. भीती खरी असेल तर स्वतंत्र खोल्यांतून बोलणी करावी, नाहीतर मध्यस्थी थांबवावी. त्यानंतर दोन-तीन दिवस सलग, तीन-तीन तासांच्या बैठका घ्याव्यात. आजी-आजोबांना सह्या करायच्या नसतात, पण त्यांना डावलून झालेला समझोता घरी गेल्यावर टिकत नाही. त्यांचं म्हणणं एकदा वेगळं ऐकून घ्यावं आणि मग खोलीत फक्त आई-बाप.

व्यावसायिकांची सर्वांत महाग चूक म्हणजे भूमिकांची सरमिसळ. मध्यस्थीत बोललेलं गुप्त राहतं, पण ताब्याच्या खटल्यात मुलाशी बोललेल्या समुपदेशकाचा अहवाल कोर्टापुढे येऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. म्हणून मुलाशी बोलणारी व्यक्ती वेगळी आणि मध्यस्थ वेगळे. पालकांना आणि झेपेल तेवढं मुलालाही हे आधीच सांगायचं.

समझोत्याचा कागद लिहिताना बारकावे सोडू नयेत. व्हिडिओ कॉलचं एकच कलम घ्या. "दर रविवारी सकाळी" असं लिहिलं की भांडण आलंच. सोलापुरात संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ, कारण तिथलं घड्याळ मागेपुढे होतं. तेव्हा कुठल्या गावची वेळ धरायची ते लिहा. कुणाचा फोन, खोलीत कोण बसणार, रेकॉर्डिंग करायचं नाही, कॉल चुकला तर कोणत्या दिवशी भरून काढायचा, हेही लिहा.

मूल परत जाणार असेल तर क्रम चुकवू नका. आई अमेरिकेला एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर गेली असेल तर तो नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर टिकून असतो, घटस्फोटानंतर संपतो. तिला तिथे कोणत्या हक्काने राहता येणार, घर वेगळं कुठे, खर्च कोण देणार, हे आधी. अमेरिकेत दुसऱ्या पालकाचे हक्क डावलण्यासाठी मूल देशाबाहेर ठेवणं हा १९९३ पासून संघीय गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो मागे घेणं बापाच्या नव्हे, सरकारी वकिलाच्या हाती. इथला छळाचा गुन्हाही दोघांच्या सह्यांनी मिटत नाही; तो रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. हे तिकीट काढायच्या आधी मार्गी लागलं पाहिजे.

मग समझोत्याचे शब्द दोन्ही देशांच्या कोर्टांत आदेश म्हणून नोंदवायचे; त्याला मिरर ऑर्डर म्हणतात. ती नुसती मिळवून पुरत नाही, तिकडच्या वकिलाने ती तिथे खरंच बंधनकारक आहे का ते तपासायला हवं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा आदेशाच्या भरवशावर मूल केनियातल्या वडिलांकडे दिलं. वडिलांनी मग तिथल्याच कोर्टात भारतीय आदेशाला आव्हान दिलं, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःचा निकाल मागे घ्यावा लागला. मूल मात्र तोवर परदेशात होतं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना मुलाचा जन्मदाखला, दोन्ही पासपोर्ट आणि व्हिसाची पानं, विमानाची तिकिटं, तिकडच्या शाळेचे आणि डॉक्टरांचे कागद, आणि परदेशी कोर्टाचं जे काही आलं असेल ते न फाडता, न लपवता सोबत न्या.