हडळीची बोटं

३१ ऑक्टोबर, विश्रामबाग, सांगली
रात्रीचे साडेअकरा

हात अजून लाल आहेत. दोनदा साबणाने धुतले, लिंबाची फोड चोळली, तरी नखांच्या कडेला डाळिंबाचा रंग राहिलाच आहे. झोप येत नाही, म्हणून वही काढली.

आमच्या इमारतीतल्या पोरांनी दिवाळीच्या सुट्टीतच हॅलोविनची पार्टी ठरवली होती. ओव्हन आमच्याकडे, त्यामुळे गोडाचं माझ्याकडे आलं. एकूण १४ मुलं. प्लास्टिकचे कोळी आणि मुखवटे तुम्ही आणा, खायचं मात्र सगळं मी घरी करणार, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मनात एक कारण होतं, ते कुणाला बोलले नव्हते. माझा मुलगा आठ वर्षांचा झाला, पण पॅसेजमधला दिवा लावल्याशिवाय अजून रात्री बाथरूमला जात नाही. ज्याची भीती वाटते ते त्याने एकदा हातात धरावं, त्याचा वास घ्यावा आणि दातांनी कुडुमकुडुम चावून खाऊन टाकावं, एवढंच मला हवं होतं.

हडळीची बोटं करायची ठरली, म्हणजे नानकटाईचीच. दोन वाट्या मैदा, एक वाटी थिजलेलं साजूक तूप, एक वाटी पिठीसाखर, वेलची, जायफळ आणि चिमूटभर सोडा, हे आमचं दरवेळचं प्रमाण. करंगळीएवढ्या वळकट्या केल्या, टोकाला बदाम दाबला आणि ट्रे आत ठेवला. दहा मिनिटांनी काचेतून पाहिलं तर बोटं पसरून एकमेकांना चिकटलेली. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुजली गं बोटं."

उपायही त्यांनीच सांगितला. नानकटाई फुलावी, तिला भेगा पडाव्यात म्हणून आपण सोडा घालतो. इथे फुलायलाच नको, मग सोडा कशाला? दुसऱ्या खेपेला सोडा वगळला, दोन चमचे बारीक रवा घातला आणि वळलेली बोटं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली. तूप घट्ट झालं की आकार धरून राहतो. बोटं हवी त्याहून बारीक वळायची, कारण भाजताना ती थोडी तरी जाड होतातच. पेरांच्या जागी सुरीच्या पाठीने तीन तीन रेघा ओढल्या. बदाम गरम पाण्यात भिजवून सोलले आणि उभे दोन भाग केले. त्याची सपाट बाजू खाली ठेवली की वरचा फुगीर भाग थेट नखासारखा दिसतो. १७० अंशांवर अठरा मिनिटं. ट्रे बाहेर काढला आणि माझ्याच अंगावर काटा आला, इतकी ती खरी दिसत होती. मुळापासून तुटलेली, म्हाताऱ्या बाईची बोटं.

रक्तासाठी बाटलीतला रंग वापरायचा नव्हता. आटपाडीची डाळिंबं आपल्याच जिल्ह्यातली, मग रंग विकत कशाला आणायचा? दोन वाट्या रस, पाव वाटी साखर आणि लिंबाचे चार थेंब, मंद आचेवर आटवत ठेवलं. चमच्यावरून थेंब जड होऊन पडायला लागला की गॅस बंद करायचा, कारण निवल्यावर तो आणखी घट्ट होतो. नखाच्या कडेला हा पाक लावला की नख नुकतंच उचकटल्यासारखं वाटतं. उरलेला पाक खविसाच्या डोळ्यांना कामी आला. रसगुल्ले हलक्या हाताने पिळून घेतले (पिळले नाहीत तर ताटभर पाक सुटतो), मधोमध खड्डा करून तासगावचा काळा मनुका बसवला आणि टूथपिकने लाल शिरा ओढल्या. असे अठ्ठावीस डोळे ताटातून माझ्याकडे बघत होते. मुंजे केले ओल्या नारळाचे. खोबऱ्याची काळी पाठ काढून फक्त पांढरा कीस घेतला, कंडेन्स्ड मिल्कमध्ये आटवला, त्याचे उभे सुळके वळले आणि डोळ्यांच्या जागी दोन दोन काळे तीळ लावले.

नावं मी मुद्दाम आपली ठेवली. पोरांना ड्रॅक्युला माहीत आहे, झॉम्बी माहीत आहे, पण पिंपळावरचा मुंजा कुणालाच माहीत नव्हता. मला याचं मनापासून वाईट वाटलं. आमच्या आजीने आम्हाला ज्यांची भीती घातली, ती भुतंसुद्धा आपल्या घरातलीच होती.

दुपारी भोपळा. मी सुरी घेतली तर आईंनी हात धरला. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. मी वाद घातला नाही, मुलाला बोलावलं. त्याने दोन्ही हातांनी पहिला काप घातला आणि पुढचं मी केलं. आयर्लंडमध्ये हे दिवे मुळात सलगम कोरून करत. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिकडे त्यांना मोठा भोपळा मिळाला, तो कोरायलाही सोपा, आणि तोच पुढे रूढ झाला. हे मी मुलाला सांगत होते. आतला गर आईंनी किसून गुळात शिजवला आणि त्याचे घारगे केले.

भोपळ्यात पणती ठेवल्यावर मुलगा विचारतो, भुताच्या तोंडात दिवा कशाला? उत्तर मी देणार होते, पण घारगे थापता थापता आईच बोलायला लागल्या. त्यांचं माहेर हरिपूर. त्यांच्या वडिलांची हळदीची पेवं होती, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली खोल कोठारं. वरून तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आणि आत खोल काळोख. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत हवा खेळू द्यायची. मग त्यांचे वडील दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर आत जीव घेणारी हवा आहे असं समजायचं. जळत राहिला तर उतरायचं. "दिवा आधी जातो, माणूस मागनं," आई म्हणाल्या. २००५ च्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं गेली, त्यांत त्यांच्या वडिलांचीही. हे मला माहीत होतं. कंदिलाचं मात्र आज पहिल्यांदाच ऐकलं, लग्नाला बारा वर्षं होऊन गेल्यावर. मुलगा बराच वेळ भोपळ्याच्या तोंडात बघत बसला होता.

संध्याकाळी गच्चीवर दिवे मालवले. किंकाळ्या, पळापळ, सगळं झालं. बोटं पाच मिनिटांत संपली, काहींनी तर नखं आधी काढून खाल्ली. डोळ्यांना हात लावायला मोठी पोरंच कचरत होती आणि लहान्या दोन मुली एकेक डोळा अख्खा तोंडात टाकून हसत होत्या. माझ्या मुलाने तीन मुंजे खाल्ले. मी मोजले.

खालच्या मजल्यावरचा छोटू तेवढा काही खात नव्हता. साडेचार वर्षांचा आहे. नारळाचा मुंजा तळहातावर घेऊन नुसता उभा. मी खाली बसून विचारलं, आवडला नाही का रे? तर म्हणाला, "हे आमचे आजोबा आहेत का?"

त्याचे आजोबा मे महिन्यात गेले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. दिवसभर मी भुतं वळत होते, पण हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. खरं तर हा दिवस तिकडेही मेलेल्या माणसांचाच. १ नोव्हेंबरला संतांचा सण, २ तारखेला सगळ्या मृतांचा. जुन्या काळी इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब आणि मुलं दारोदार जाऊन छोटे गोड केक मागायची आणि त्या बदल्यात त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायची. हे मी वाचलेलं होतं, आणि तरीही त्या पोराला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

आईंनी त्याला जवळ ओढलं. "नाही रे बाळा. तुझे आजोबा जेवूनखाऊन, सगळ्यांना भेटून गेले. ते भूत होत नाहीत, पितर होतात. पितर कुणाला भिववत नाहीत. ते आपल्याकडं जेवायला येतात."

त्याने थोडा विचार केला आणि मुंजा परत माझ्या हातावर ठेवला. "आजोबांना नानकटाई आवडायची. चहात बुडवून."

ताटात तुटकं असं एकच बोट उरलं होतं, बदाम निसटलेलं. ते त्याने स्वतः नेऊन गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. मग मागे वळून विचारतो, "चहा?"

आई जिने उतरून खाली गेल्या. गुडघे दुखत असताना, लिफ्ट बंद असताना, तीन मजले. अर्धा कप चहा करून बशी झाकून वर घेऊन आल्या. छोटूने तो कप बोटाच्या शेजारी नीट ठेवला, आणि मग पळत जाऊन घारगा मागितला.

सगळं आवरून खाली आणलं, तेवढा कप आणला नाही. सकाळी उजाडल्यावर आणेन.