पालकाच्या रकान्यातली बाई

"जातीसाठी हवंय ना?" क्लार्क मॅडमनी मान वर न करताच विचारलं.

त्यांचा दोष नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची वही, मागायला येणारा जो तो ओबीसी दाखल्याला लागणारा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद शोधत असतो. मी म्हटलं, "नाही, आजोबा शाळेत कधी होते एवढंच बघायचंय." आता मात्र मान वर झाली. "आणि त्याचा उपयोग काय?"

उपयोग मलाही सांगता येईना. घराची वंशावळ लिहायला घेतली होती. गावाकडची बाजू सातबारा आणि फेरफारांवरून बरीचशी जुळली. अडलं ते मुंबईत. गिरणगावात जन्म काढलेल्या माणसाच्या नावावर ना जमीन, ना घर. पणजोबा राजापूर तालुक्यातून येऊन गिरणीत लागले आणि गाववाल्यांच्या गाळ्यात वीसेक पुरुषांत राहिले. कागद म्हणून काय ते आजोबांची शाळा.

सुरुवात घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेतून झाली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज केला होता, त्या फायलीत आजोबांच्या रात्रशाळेच्या दाखल्याची झेरॉक्स निघाली. दाखल्यावर 'पूर्वीची शाळा' हा रकाना असतो. आपण त्याच्याकडे कधी बघत नाही, पण मागे मागे जायचं तर हाच रकाना धरायचा. त्यावरून लालबागच्या एका पालिका शाळेचं नाव मिळालं. तिथे गेलो तर शाळाच नाही. पट घसरला, मग ती दुसऱ्या शाळेत विलीन झाली. इमारतीच्या वॉचमनला काही माहीत नव्हतं. समोरचा रद्दीवाला म्हणाला, "रजिस्टरं टेम्पोतून गेली, मी बघितलीत." माझ्याकडे आली नाहीत, हेही त्याने वर सांगितलं. टेम्पो कुठे गेला ते वॉर्डाच्या शिक्षण कार्यालयात कळलं.

नव्या शाळेत तीन खेपा झाल्या. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, माझं त्यांच्याशी नातं दाखवणारे कागद. माहितीच्या अधिकाराची भाषा मी काढली नाही आणि कुणी काढूही नये. परीक्षेच्या दिवसांत मात्र जाऊ नका. मी गेलो होतो.

मॅडमनी पहिल्यांदा रजिस्टर नंबर विचारला. तो माहीत असेल तर काम दहा मिनिटांचं, नसेल तर निदान साल तरी हवं, कारण नोंदी नावाच्या अक्षराप्रमाणे नसतात, प्रवेशाच्या क्रमाने असतात. माझ्याकडे आजोबांचं एक वाक्य होतं: "धडाका झाला तेव्हा मी तिसरीत होतो." धडाका म्हणजे १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस भरलेली फोर्ट स्टिकिन बोट उडाली तो. तिथून वर्षं मागे मोजली आणि १९४१ चं रजिस्टर मागितलं.

लाल कापडी बांधणी, कडांना वाळवी, आत निबाने लिहिलेलं सुरेख अक्षर. आमचं आडनाव कुठेच नव्हतं. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली. मुंबईला आलेल्या मुलाला मास्तर गावावरून 'कर' लावून मोकळे व्हायचे. गावाच्या नावाने बघायला लागलो आणि आजोबा सापडले. वडिलांचं नाव बरोबर, जन्मस्थळ बरोबर. जन्मतारीख १ जून, अंकी आणि अक्षरी. म्हणजे पहिलीच्या वयात बसण्यासाठी मास्तरांनी ठोकून दिलेली. आजी नेहमी सांगायची की हे शिमग्यातले, पालखी दारात होती तेव्हाचे. आम्ही मात्र जन्मभर १ जूनला केक कापला.

शाळा सोडल्याची तारीख मे १९४४ मधली. कारणाच्या रकान्यात 'गावी गेला'. नजर खाली घसरली तर त्याच पानावर आणखी सहा मुलांपुढे तेच दोन शब्द, तोच महिना. स्फोटानंतर लोक भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी पळाले, हे आजोबा रंगवून सांगत आणि आम्हाला ती त्यांची बढाई वाटायची.

तेवढ्यात मॅडमनी कोरा कागद आणून आमच्या ओळीच्या वर-खाली ठेवला. "दुसऱ्यांच्या नोंदी बघायच्या नाहीत. फोटोपण नाही." रास्त होतं. मी वहीत उतरवून घेऊ लागलो आणि पालकाच्या रकान्यापाशी थांबलो.

तिथे पणजोबा नव्हते. एका बाईचं नाव होतं.

आईचं नाव लिहायला त्या रजिस्टरात रकानाच नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालं, ते आत्ता. माझी पणजी तर गावी शेती बघत होती, तिने तेव्हा मुंबई पाहिलीही नव्हती. मग ही कोण? नात्यासमोर नुसती आडवी रेघ. खोटं कशाला सांगू, रिक्षात बसेपर्यंत पणजोबांविषयी नको ते सगळं मनात येऊन गेलं.

रात्री डोंबिवलीला आत्याला फोन लावला. आत्या सत्तरीच्या घरात आहे. नाव वाचून दाखवलं तर पलीकडे शांतता, मग एकदम, "अरे, ती खानावळवाली मावशी! तुला कुठे गावली?"

पणजोबा तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. रातपाळीहून आले की झोपायचे, मग पोराला शाळेत नेणार कोण? डबे करून झाले की ती नेऊन सोडायची. नाव घालायलाही तीच गेली असणार, मास्तरांनी समोर उभ्या बाईचं नाव लिहून टाकलं. "आपली कोण नव्हती रे," आत्या म्हणाली, "पण तुझे पणजोबा गेले तेव्हा तिने दहा दिवस सुतक पाळलं. खानावळ बंद ठेवली. वीस माणसं उपाशी."

रात्रशाळेकडे त्यानंतर जाऊन आलो. तिथल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आजोबांच्या वर्गाचा फोटो छापलाय, पण छपाई अशी की ओळीने मिशाच दिसतात. खालच्या नावांत आजोबांचं आडनाव तिसऱ्याच प्रकारे लिहिलंय. विशेष काही हाती लागलं नाही.

सही-शिक्क्याचा उतारा घ्यायला मी पुन्हा पालिका शाळेत गेलो तेव्हा मॅडम वाटच बघत होत्या. आत्याने सांगितलेलं मी त्यांना आधी फोनवर कळवलं होतं. रजिस्टर टेबलावर होतं आणि पानांत कागदाचे कपटे घातलेले होते.

"तुमच्या बाई आणखी चार ठिकाणी आहेत," त्या म्हणाल्या. "नावं नाही सांगणार. पण एक मुलगा संगमेश्वरचा, दोन लांज्याचे, एक देवगडचा. चौघांपुढे पालक म्हणून ह्याच."

मी जन्मतारखा विचारल्या.

"एक जून," मॅडम हसल्या. "चौघांच्याही."