खारघरचा भुतबंगला: तिसऱ्या खोलीसाठी जा, गॉगल घेऊ नका

आधी निकाल सांगते. खारघरच्या मेळ्यातल्या भुतबंगल्यात एकच खोली पैसे वसूल करणारी आहे, तिसरी. तिच्यापर्यंत पोचायला पत्र्याच्या बोळात पन्नास मिनिटं उभं राहावं लागतं. दम्याच्या माणसाला, कडेवरच्या पोराला आणि तापट डोक्याच्या माणसाला त्या बोळात नेऊ नये. मी तिसऱ्या प्रकारातली.

ठाणे स्टेशनाबाहेर एकाने हातात कागद कोंबला. 'कॅलिफोर्नियाचा हाँटेड मॅन्शन आता खारघरमध्ये! स्टेशनपासून पाच मिनिटं! तिकीट फक्त ५० रुपये!' तीन वाक्यं, तिन्ही खोटी. पण मी नाटकांची प्रकाशयोजना करते आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला डिस्नेलँडमधला तो बंगला म्हणजे पंढरपूर. पैशाअभावी वारी घडलेली नाही, पण तिथली एकेक खोली कशी चालते ते तोंडपाठ आहे. शिवाय सुट्टीला आलेला अकरा वर्षांचा भाचा मागेच लागला. भाऊजी म्हणाले, जाऊन या, तेवढाच आम्हाला आराम. निघालो.

पहिली फसवणूक रस्त्याची. कागदावर विश्वास ठेवून खारघर स्टेशनला उतरलो. मैदान तिथून पाच मिनिटांवर नाही, काही किलोमीटरवर आहे. मीटरचं विचारलं की रिक्षावाले आभाळाकडे बघतात. १५० रुपये गेले. तुम्ही हे करू नका. ठाण्याहून पनवेल लोकल पकडा, बेलापूरला उतरा आणि मेट्रोने सेंट्रल पार्क स्टेशन गाठा. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे, आणि मला ठाणेकरणीला ती आठवली रिक्षाचे पैसे दिल्यावर. स्टेशनपासून मैदान चालत जाण्याजोगं आहे. मे महिन्यात सहाच्या आत पोचू नका. बंद बूट घाला, कारण मैदानात खडी आहे आणि खडीवरून जनरेटरच्या वायरी. बाटली गेटवर काढून घेतात आणि तीच आत ४० रुपयांना विकतात, म्हणून पाणी बाहेरच पोटभर पिऊन घ्या.

५० रुपये म्हणजे नुसतं गेट. भुतबंगल्याचे माणशी १५०. वर खिडकीतला माणूस न विचारताच दोन गॉगल सरकवतो, प्रत्येकी ३०, पुठ्ठ्याचे, लाल-निळ्या कागदाचे. 'त्याच्याशिवाय भूत दिसत नाही मॅडम.' घेतले. आत त्रिमितीय म्हणावं असं काहीही नाही. उलट त्या रंगीत कागदाने अर्धा उजेड खाल्ला जातो आणि ज्या एका भुतासाठी जायचं तेच दिसेनासं होतं. गॉगल घेऊ नका. पुन्हा लिहिते, घेऊ नका.

आता बोळ. दोन्ही बाजूंना पत्रा, वर पत्रा, रुंदी एका माणसाची आणि त्याच्या पिशवीची. भिंत गुहेसारखी दिसावी म्हणून आतून फोम चिकटवून काळा रंग मारलाय. वर काळं कापड, कापडावर उघड्या जोडांच्या वायरी, पन्नास माणसांत दोन टेबलफॅन. पुढे लोखंडी दार, तेही एक गाडी सुटली की दोन माणसांपुरतं उघडणारं. मागे रांग. मधे बाहेर पडायला एकही वाट नाही. मी एका मावळ्याच्या कवटीपासून (कवटीला मावळ्याची पगडी का, ते विचारू नका) पुढच्या कवटीपर्यंत यायला बारा मिनिटं मोजली.

माझं डोकं फिरलं ते उकाड्याने नाही. १९७९ च्या ९ जूनला सिडनीच्या लूना पार्कमधली घोस्ट ट्रेन पेटली, त्यात सहा मुलं आणि एक बाप गेला. १९८४ च्या ११ मे रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज या मनोरंजन उद्यानाच्या हाँटेड कॅसलमध्ये आठ तरुण पोरं गेली. तो किल्ला ट्रकचे ट्रेलर एकमेकांना जोडून उभा केलेला होता, आत फोम होता आणि छतात पाण्याचे फवारे नव्हते. रंगमंचावर काम करणाऱ्याला पडदा, फोम आणि गरम दिवा शेजारी दिसले की पोटात गोळा येतो, तो शिकून येत नाही, सवयीने येतो. म्हणून रांगेत शिरण्याआधी बंगल्याला बाहेरून एक चक्कर मारा. मागचं दार बघा, त्याला कुलूप आहे का बघा. मी गेले तेव्हा नुसती कडी होती, तीही बाहेरून. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला ती काढायला लावली. तो म्हणाला, 'कुत्री शिरतात.' शिरू देत.

रांग लावायचीच तर ती कशी लपवावी याचा धडा त्याच कॅलिफोर्नियाच्या बंगल्यात आहे, ज्याचं नाव कागदावर छापलंय. तिथे शिरल्यावर सुरुवातीलाच एक आठकोनी खोली लागते. दार बंद होतं आणि खोली उंच ताणायला लागते, भिंतीवरची चित्रं लांबत जातात आणि खालून त्यांचं भयंकर उरलेलं अंग दिसायला लागतं. लोक किंचाळतात. खरं तर ती लिफ्ट आहे. छत जागच्या जागी असतं, जमीन खाली जाते. कारण असं, की बंगला छोटा आणि आतल्या गाड्यांचा पसारा मोठा. तो पसारा डिस्नेलँडभोवती फिरणाऱ्या आगगाडीच्या रुळांपलीकडे बांधावा लागला. मग माणसांना रुळांखालून न्यायचं कसं? खाली उतरवा, पण उतरवतोय हे कळू देऊ नका. फ्लोरिडात १९७१ मध्ये दुसरा बंगला झाला तेव्हा रुळांची अडचण नव्हती, तिथे जमीन स्थिर ठेवून छतच वर नेलं. लिफ्टनंतरचा तो भुयारी रस्तासुद्धा चित्रांच्या दालनासारखा सजवलाय. म्हणजे माणसं रांगेतच असतात, पण रांगेत आहोत असं कोणाला वाटत नाही. आमच्याकडे पत्रा.

बरं, तो बंगला काही एका रात्रीत झाला नाही. बाहेरची वास्तू १९६३ मध्ये उभी राहिली आणि आत भुतं आली १९६९ च्या ९ ऑगस्टला. मधल्या काळात बंगला रचणारी डिस्नेची सगळी टोळी १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्याच्या कामाला जुंपली, मग १९६६ च्या डिसेंबरात वॉल्ट डिस्ने वारले, आणि मागे राहिलेल्यांत भांडण, की बंगला भीतीचा करायचा की गंमतीचा. त्या टोळीतला क्लॉड कोट्स वातावरणवाला, मार्क डेव्हिस विनोदवाला. शेवटी दोघांचंही ठेवलं. पूर्वार्धात रिकामे अंधारे दिवाणखाने, उत्तरार्धात भुतांचा धुडगूस. जोड दिसतो म्हणे. दिसू दे, आमच्या कितीतरी दोन अंकी नाटकांत दिसतो.

असो. पन्नास मिनिटांनी गाडी मिळाली. दोन जणांचा पत्र्याचा डबा, खाली एकच रूळ, समोर दार, डबा त्यावर धाडकन आदळतो आणि दार उघडतं. ही शंभर वर्षांपूर्वीची युक्ती. न्यू जर्सीच्या लिऑन कॅसिडीने १९२८ च्या सुमाराला एकरुळी गाड्या काढल्या. छोट्याशा खोलीत रूळ चकलीसारखा वळवायचा, म्हणजे अंधारात बसलेल्याला वाटतं केवढा लांब आलो. प्रत्यक्षात तुम्ही त्याच भिंतीच्या दोन्ही बाजूंनी फिरत असता. डिस्नेच्या गाड्या वेगळ्या, अखंड साखळीवर कधीच न थांबणाऱ्या, आणि डबाच वळून तुमचं तोंड हवं तिकडे फिरवतो. म्हणजे दिग्दर्शकाने प्रेक्षकाची मान धरल्यासारखं. मला विचाराल तर प्रकाशयोजनेचं अर्धं काम तिथेच संपतं.

पहिली खोली: ड्रॅक्युला, भोंगा, धूर. टाकाऊ. दुसरी: चार सांगाडे, त्यातला एक बंद पडलेला, एक बंद पडायच्या बेतात. भाचा म्हणाला, 'मावशी, ह्याला बॅटरी हवीय.' कोकणातला मुंजा, वेताळ, खवीस, हडळ एवढी मंडळी घरची असताना ड्रॅक्युला कशाला आणायचा, हे मला कधी कळलं नाही.

आणि मग तिसरी.

साधी माजघराची खोली. मंद पिवळा दिवा, समोर रिकामा झोपाळा हळूहळू हलतोय. एवढंच. डबा रेंगाळतो. झोपाळ्यावर धुक्यासारखं काहीतरी जमतं, दाट होतं आणि नऊवारीतली एक बाई बसलेली दिसते. तिच्या अंगातून मागची भिंत दिसते. ती झोपाळ्याबरोबर हलते. मग विरते, झोपाळा हलतच राहतो. भाच्याने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. मला कळत होतं हे कसं केलंय, तरी माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं.

ही युक्ती १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी लोकांपुढे आणली, मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. तिरकी उभी काच. प्रेक्षकाला न दिसणाऱ्या बाजूच्या काळ्या कोनाड्यात खरी बाहुली. तिच्यावर उजेड वाढवला की तिचं प्रतिबिंब काचेपलीकडच्या जागेत उमटतं, उजेड कमी केला की भूत गेलं. अवघड भाग मापाचा. बाहुली ते काच जेवढं अंतर तेवढंच काच ते झोपाळा हवं, नाहीतर भूत झोपाळ्याच्या पुढे तरंगतं. इथे ते तंतोतंत होतं. झोपाळा आणि बाहुली एकाच दोरीने ओढलेली असणार, त्याशिवाय इतकं जुळत नाही. डिस्नेलँडच्या नाचाच्या दालनातली भुतं अशीच, फक्त काच भिंतीएवढी आणि खऱ्या बाहुल्या तुमच्या डब्याच्या वर नि खाली दडलेल्या.

बाहेर आल्याआल्या मी पुन्हा तिकीट काढलं. गॉगल नाकारले. पुन्हा बोळ, या वेळी पस्तीस मिनिटं. हा मूर्खपणा होता, पायांत गोळे आले होते, पण पुन्हा करीन.

दुसऱ्या फेरीत लक्षात आलं. आरशात डावं उजवं होतं. कॅलिफोर्नियातल्या नाचणाऱ्या जोड्यांचं तेच झालंय. प्रतिबिंब उलटल्यामुळे तिथे पुरुषांऐवजी बायका पुढाकार घेऊन नाचताना दिसतात, आणि ते तसंच राहिलं. मग या बाईचा पदर उजव्या खांद्यावर दिसायला हवा होता. तो डाव्याच खांद्यावर होता. म्हणजे कोणीतरी आतल्या बाहुलीला नऊवारी मुद्दाम उलटी नेसवली होती.

गाड्या ढकलणाऱ्या पोराला विचारलं. आधी घाबरला, मग खुलला. म्हणाला, 'पहिल्या दिवशी सरळच नेसवली होती मॅडम. आई बघायला आली. म्हणाली, ही तर गुजरातीण दिसते. मग तिनेच आत जाऊन उलटी नेसवली.' मापं कोणी काढली? 'मामाने. मामा मेळ्यात आरशांचा महाल लावायचा.' मी त्याला सांगितलं, काचेवर बोटांचे ठसे आहेत, डब्याच्या दिव्यात चमकतात, वर्तमानपत्राने पुसत जा. तो म्हणाला, 'पेपर येतो कुठे आता घरी?' माझ्या पिशवीत होता, दिला. आणि डब्यावरचा पुढचा लाल दिवा त्या खोलीत बंद करता आला तर बघ, असंही सांगितलं. डिस्नेच्या बंगल्यातलं हॅटबॉक्सवालं भूत अशाच फुकट सांडलेल्या उजेडापायी उद्घाटनानंतर लगेच काढावं लागलं होतं, ते परत आलं थेट २०१५ मध्ये. त्याचं मुंडकं धडावरून गायब होऊन हातातल्या टोपीच्या डब्यात (तोच हॅटबॉक्स) दिसायचं होतं, पण आजूबाजूचा उजेड धडावरचं मुंडकं लपू देईना.

डाव्या सीटवर बसा. कोनाडा उजवीकडे आहे, उजव्या सीटवरून निघताना मान वळली तर बाहुलीचा कोपर दिसतो आणि सगळं फुकट जातं. शनिवार-रविवार टाळा. दहाच्या नोटा जवळ ठेवा, सुट्टे नाहीत म्हणून गॉगल गळ्यात मारतात. आकाशपाळण्यात बसलो, बरा होता. दुसऱ्या दिवशी सेंट्रल पार्कमध्ये फिरलो, छान झाडं आहेत, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

परतीच्या मेट्रोची शेवटची वेळ जातानाच स्टेशनवर बघून ठेवा. आम्ही ठेवली नाही. दुसऱ्या बोळातून सुटेपर्यंत ती गेली होती, आणि बेलापूरसाठी रिक्षावाल्याने ३०० सांगितले. मी २०० वर आणले, तो म्हणाला रात्र आहे. भाचा मागच्या सीटवरून त्याला म्हणाला, 'काका, आम्ही आत्ताच भूत बघून आलोय, आम्हाला रात्रीची भीती नाही.' २५० ला तुटलं.