तुम्ही विचारलंत म्हणून : बेंचमागची मधली वर्षे

मी आइस हॉकी मनापासून पाहतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: या खेळात वेन ग्रेट्स्कींसारखा खेळाडूही प्रशिक्षक म्हणून अपयशी ठरला, तर मोठ्या खेळाडूंच्या हाती संघ द्यावाच कशाला?

प्रश्नातली माहिती खरी आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या नियमित हंगामांत 894 गोल करून ग्रेट्स्की 1999 मध्ये निवृत्त झाले, 2005 मध्ये फिनिक्स कायोटीजचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि चार हंगामांत त्या संघाला एकदाही प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) नेऊ शकले नाहीत. उलट प्रशिक्षक म्हणून 9 स्टॅनले कप (एनएचएलच्या विजेतेपदाचा करंडक) जिंकणारे स्कॉटी बोमन एनएचएलचा एकही सामना खेळलेले नव्हते. तरीही यावरून मोठेपणाच आड येतो असे म्हणणे मला पटत नाही.

बर्फावरची एक शिफ्ट, म्हणजे खेळाडूची मैदानावरची एक खेप, जेमतेम 45 सेकंदांची असते, आणि तेवढ्या वेळात पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी चकती) कुठे येणार हे उत्तम खेळाडूच्या पायांना विचाराआधीच कळते. प्रशिक्षक म्हणून बेंचमागे उभे राहिल्यावर ते पाय उपयोगाचे राहत नाहीत. समोरच्या संघाने कोणती लाइन (एकत्र खेळणारी आक्रमकांची तुकडी) उतरवली हे पाहून आपली कोणती पाठवायची, दमलेल्या बचावपटूला केव्हा परत बोलवायचे, हे खेळ चालू असतानाच ठरवावे लागते, कारण खेळाडूंची अदलाबदल बहुतेक वेळा खेळ न थांबताच होते. शिवाय अंगात मुरलेले कसब दुसऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगायचे, हे तर सर्वांत अवघड. हा वेगळा पेशा आहे आणि तो वेगळा शिकावा लागतो.

म्हणूनच मला रॉड ब्रिंडामोर यांची वाटचाल फार मोलाची वाटते. 2006 मध्ये कॅरोलायना हरिकेन्सचे कर्णधार म्हणून त्यांनी स्टॅनले कप उचलला, 2010 मध्ये खेळ थांबवला, आणि मग 2011 पासून त्याच संघात सात हंगाम सहायक प्रशिक्षक म्हणून काढले. ज्या संघाचे आपण कर्णधार होतो, तिथे इतकी वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला किती संयम लागला असेल! 2018 मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा संघाने 2009 नंतर प्लेऑफ पाहिला नव्हता. पहिल्याच हंगामात तो कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम फेरीपर्यंत गेला.

एनएचएलमधले माजी नामवंत खेळाडू मार्टिन सेंट लुई यांचे नाव घेऊन कोणी मला अडवते. 2022 मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्यांना नेमले तेव्हा त्यांनी केवळ लहान मुलांचे संघ सांभाळले होते. पण मुलांना शिकवताना ‘माझ्यासारखे कर’ एवढे सांगून भागत नाही, प्रत्येक हालचाल सुटी करून दाखवावी लागते. ती उमेदवारीच होती, असे मी मानतो. ग्रेट्स्कींना अशी मधली वर्षे मिळालीच नाहीत. ते थेट मुख्य प्रशिक्षक झाले, आणि तेही अशा संघाचे, ज्याने 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.