तुम्ही विचारलंत म्हणून: सॅटेलाइटचा आकडा खरा की जमिनीवरच्या मशीनचा?

हवेतल्या धूळ-धुरावर, म्हणजे एरोसोलवर काम करते हे कळलं की लोक हमखास हेच विचारतात. सॅटेलाइटला वरून सगळं दिसतं तर जमिनीवर मशिनं कशाला बसवायची, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा खोटं कोण बोलतंय? लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे हेच. तर एकदा नीट लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करेन.

आधी एक गुंता सोडवू. जमिनीवरचं मशीन म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर चौकातलं असतं, ते हवा आत ओढतं, कण फिल्टरच्या पट्टीवर जमवतं आणि एका घनमीटर हवेत पीएम 2.5, म्हणजे अगदी बारीक कण, किती मायक्रोग्रॅम ते सांगतं. दुसरं असतं सनफोटोमीटर. ते हवा ओढतच नाही, दिवसभर सूर्यामागे मान फिरवत वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश मोजतं. वातावरणाच्या वर सूर्यप्रकाश किती असतो ते कॅलिब्रेशनवरून माहीत असतं (मुख्य यंत्रं त्यासाठी हवाईतल्या मौना लोआवर नेतात, 3400 मीटर उंचीवर, स्वच्छ हवेत), खाली पोचला किती ते मोजलं, मधल्या फरकातून हवेचे रेणू, ओझोन वगैरेंचा वाटा काढून टाकला की उरतं ते एरोसोलचं. त्याला एरोसोल ऑप्टिकल डेप्थ म्हणतात, आम्ही नुसतं एओडी. एओडी 1 असेल आणि सूर्य डोक्यावर असेल तर एरोसोलमधून थेट प्रकाशापैकी जेमतेम 37 टक्के खाली येतो. नासाच्या एरोनेट नेटवर्कमध्ये असं एक यंत्र पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2004 पासून आहे, कानपूर आयआयटीतलं तर 2001 पासून.

सॅटेलाइटही एओडीच काढतं, पण त्याला सूर्याकडे बघता येत नाही, त्याला खाली बघावं लागतं. म्हणजे जमिनीवरून उलटलेला प्रकाश आणि धुळीने उधळलेला प्रकाश एकत्रच येतो आणि त्यातून धूळ वेगळी काढायची, टेबलाचा रंग माहीत नसताना त्यावर धूळ किती बसलीय ते लांबून सांगण्यासारखं. टेरा आणि अ‍ॅक्वा या सॅटेलाइटांवरच्या मोडिस या उपकरणाची एक पद्धत 2.1 मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात जमीन बघते, कारण तिथे बारीक कण जवळजवळ पारदर्शक असतात, आणि त्यावरून निळ्या-लाल प्रकाशात जमीन किती चमकत असेल त्याचा अंदाज बांधते. सप्टेंबरमध्ये घाटमाथा हिरवागार असतो तेव्हा हे छान जमतं, मे महिन्यात नांगरून पडलेली उघडी रानं, मुरमाड माळ आणि सिमेंटचं शहर सॅटेलाइटच्या नकाशातल्या एकाच चौकोनात आलं की अंदाज डळमळतो. शिवाय कण कुठल्या जातीचे, प्रकाश किती शोषणारे, हेही गृहीत धरावं लागतं. म्हणून सनफोटोमीटरची चूक 0.01 ते 0.02 एवढीच असते आणि मोडिसची जमिनीवर 0.05 आणि शिवाय एओडीच्या 15 टक्के इतकी धरतात. एओडी 0.4 असेल तर ती 0.11 झाली, थोडी नाही. मुंबईसारख्या किनाऱ्यावर तर चौकोनात अर्धी जमीन, अर्धं गढूळ पाणी, तिथले आकडे मी जपूनच वापरते.

बरं, तुलना करायची तरी कशी? सनफोटोमीटर एका जागी उभं राहून सूर्याच्या दिशेची एक बारीक रेघ मोजतं, सॅटेलाइटचा नेहमीचा चौकोन 10 किलोमीटरचा, आणि ते वरून जातं क्षणात. रूढ पद्धत अशी की स्टेशनभोवती 50 किलोमीटरचा चौकोन घ्यायचा, त्यातल्या सॅटेलाइटच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि यंत्राची त्या वेळेच्या अर्धा तास मागची-पुढची. कल्पना अशी की हवा वाहते, तर तासाभरात यंत्रासमोरून बरीच लांबची हवा जाते. सपाट प्रदेशात ठीक आहे हो, पण पाषाणभोवती 50 किलोमीटर म्हणजे हिंजवडी, वाघोली, सिंहगड आणि खडकवासल्याचं पाणी सगळं एका सरासरीत! पेपरात आलेख सुंदर दिसतो, मला तो बघून नेहमी थोडं हसू येतं. मी छोटा चौकोन घेते, तुलनेला आकड्यांच्या जोड्या कमी मिळतात, चालतंय.

आता तुमचा खरा प्रश्न, की सॅटेलाइटच्या नकाशात पुणे फिकट आणि चौकातलं मीटर लाल, असं का. कारण इथे दोघं एकच गोष्ट मोजतच नाहीत. एओडी म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतचा अख्खा खांब, पीएम म्हणजे तुमच्या नाकाजवळची हवा. डिसेंबरात पहाटे थंड हवेचं झाकण खाली येतं, शेकोट्या, कचरा, गाड्यांचा धूर सगळा जमिनीलगत कोंडतो, मीटर चढतं, पण खांबात एकूण माल फार नसतो. टेरा यायचं सकाळी साडेदहाच्या सुमारास आणि अ‍ॅक्वा दुपारी दीडला, तोवर ऊन तापून धूर वर पसरलेला, पहाटेचं त्यांना कळणार कसं. मे महिन्यात उलटं होतं, वाळवंटातली धूळ उंचावरून येते, एओडी भरपूर आणि खाली पीएम 2.5 त्या मानाने बेताचं. त्यात दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि जास्त प्रकाश उधळतात, सॅटेलाइटला ते फुगलेलेच दिसतात, मीटर मात्र बऱ्याचदा हवा तापवून, कोरडी करून वजन सांगतं. पावसाळ्याचं तर विचारूच नका, ढगाखालचं ना सॅटेलाइटला दिसतं ना सनफोटोमीटरला सूर्य.

म्हणून "सकाळी फिरायला जाऊ का" याला माझं उत्तर चौकातलं मीटर, सॅटेलाइट नाही. पण 23 जानेवारी 2022 आठवतंय? मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरट भुकटी बसली होती. ती पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेली धूळ होती, आणि कुठून आली हे चौकातलं मीटर जन्मात सांगू शकलं नसतं. आणि तुमच्या गावात मीटरच नसेल, बहुतेक गावांत नाहीच, तर फोनच्या अ‍ॅपमधला तुमच्या गावाचा आकडा बहुधा मॉडेलचा असतो, सॅटेलाइट आणि लांबची मीटरं मिसळून काढलेला. तो दिशा दाखवतो, दोन-पाच अंकांवरून भांडू नका.

आता टेरा आणि अ‍ॅक्वा दोन्ही म्हातारे झालेत, इंधन संपत आल्याने कक्षा सरकतायत, वेळाही सरकल्यात. पुढचं काम नव्या सॅटेलाइटांवरचं व्हीआयआयआरएस हे तसंच उपकरण करतंय, त्यामुळे पाषाणच्या सनफोटोमीटरशी त्याची तुलना चालूच आहे, आणि मी सध्या त्यातच अडकलेय.