पहिली स्लाइड

बंड्याच्या रक्ताची जुलैमधली स्लाइड अजून माझ्या खणात आहे. एरवी महिनाभरानं आम्ही स्लाइडी टाकून देतो. ही टाकवत नाही.

आमची लॅब ठाण्यात आहे, फक्त जनावरांची. पावसाळ्यात येणाऱ्या जांभळ्या झाकणाच्या निम्म्या नळ्यांसोबत ‘गोचीडताप?’ असं लिहिलेलं असतं. बंड्या वर्तकनगरच्या एका रिक्षावाल्या काकांचा, सहा वर्षांचा गावठी कुत्रा. पहाटे येऊरच्या पायथ्याशी मोकळा हिंडणारा. गावठी कुत्र्याला गोचिडांनी काही होत नाही, हा समज मी रोज ऐकते आणि रोज खोडून काढते.

पहिल्या वेळी प्लेटलेट ४८ हजार होत्या. कुत्र्याला निदान दोन लाख हव्यात. पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, तोही कमी, २९. दवाखान्यात आधीच तपासणीचं किट लावलेलं, त्यावर एर्लिकियाची, म्हणजे गोचीडताप देणाऱ्या एका जंतूची, रेघ उमटलेली, आणि फॉर्मवर तसं लिहिलेलं. मी स्लाइड पाहिली, ‘रक्तपरजीवी आढळले नाहीत’ लिहून सही केली. एर्लिकियावरचं अँटिबायोटिक, डॉक्सी, सुरू झालं.

या किटबद्दल बोलायलाच हवं. ते अँटीबॉडी दाखवतं. म्हणजे या कुत्र्याची एर्लिकियाशी कधीतरी गाठ पडली, इतकंच. बरा झालेला कुत्राही पुढे कित्येक महिने पॉझिटिव्ह येतो. शिवाय त्या किटमध्ये बबेशियाची, म्हणजे तांबड्या पेशींत शिरणाऱ्या परजीवीची, तपासणीच नाही आणि एकच गोचीड दोन्ही रोग देऊ शकते. तरी रेघ उमटली की कितीतरी दवाखाने शोध थांबवतात. मला याचा संताप येतो. पण त्या दिवशी फॉर्मवरची रेघ वाचून माझीही नजर सैल पडली. कारण सापडलंय असं धरूनच मी स्लाइडवर बसले होते.

तीन आठवड्यांनी काका रिक्षा घेऊन थेट लॅबच्या दारात. मागच्या सीटवर गोणपाटावर बंड्या, हिरड्या पांढऱ्याफटक. पीसीव्ही १७. डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या परवानगीनं कानाच्या टोकाला सुई टोचून पहिलाच थेंब घेतला. बबेशियानं बाधलेल्या तांबड्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकून राहतात. पायाच्या शिरेतल्या रक्तात शोधून सापडत नाहीत, त्या तिथे सापडतात.

जुलैच्या दमट हवेत स्लाइड सावकाश सुकली की तांबड्या पेशींत खोटी कडी तयार होतात, हुबेहूब परजीवीसारखी. म्हणून ड्रायरची थंड हवा लगेच द्यायची. मग मिथेनॉल, मग ७.२ पीएचच्या बफरमध्ये ताजा मिसळलेला गिम्सा रंग, अर्धा तास. इथे घाई करणाऱ्याला मी स्लाइडला हात लावू देत नाही.

शंभरच्या लेन्सखाली, स्लाइडच्या पिसासारख्या विरळ कडेला, ती दिसली. दोन-तीन मायक्रॉनची कडी, प्रत्येकीच्या काठाला जांभळा ठिपका. बबेशिया गिब्सोनी. बबेशियाची दुसरी जात, वोगेली, असती तर पेशीत पेअरच्या आकाराच्या मोठ्या जोड्या दिसल्या असत्या. हा फरक नुसता नावाचा नाही. वोगेलीवर चालणारं इमिडोकार्ब गिब्सोनीवर फारसं चालत नाही.

डॉक्टरांनी अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं, दहा दिवस. अ‍ॅटोव्हाक्वोन स्निग्ध अन्नाबरोबर नीट शोषलं जातं, म्हणून काकूंनी दिवसातून तीनदा तूपभात कालवला. औषध महाग आहे. काकांनी एकदाही कुरकुर केली नाही. फक्त निघताना विचारलं, “ताई, हे मागच्या वेळी नव्हतं का?”

“दिसलं नव्हतं, काका,” मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर जुनी स्लाइड काढली. दीड तास बसले. अगदी कडेला, एका पेशीत, एक कडं. फोकस वर-खाली केला. सुकताना पडलेलं खोटं कडं फोकस हलवला की चमकतं. हे चमकलं नाही.

डॉक्टर म्हणतात, एका कड्यावर कोणीच निदान लिहीत नाही. मान्य. पण ते एक कडं तेव्हा दिसलं असतं तर मी कानाचं रक्त मागवलं असतं आणि बंड्याचे तीन आठवडे वाचले असते.

आता त्याचा पीसीव्ही ३४ आहे. औषध संपून साठ दिवस झाले की पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी, करायचा, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काका येतील. त्या कड्याबद्दल त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते आले की स्लाइड लावून ठेवणार आहे, त्यांना स्वतःला बघता यावी म्हणून.