डबा बदलतो, चौकट राहते: ब्रिटनच्या जुन्या वाघिणी बघत डिडकॉट, शिल्डन आणि कॉर्नवॉल

लंडनच्या पॅडिंग्टनहून जलद गाडी पाऊण तासात डिडकॉट पार्कवेला पोचवते. डिडकॉट रेल्वे सेंटर या रेल्वे संग्रहालयात जायचा रस्ता स्टेशनाच्या भुयारी मार्गातूनच आहे, त्यामुळे टॅक्सी-बसची भानगड नाही. मात्र हे सेंटर रोज उघडं नसतं, तेव्हा आधी वार बघून घ्या. पायात जाड तळाचे बूट हवेत, कारण सगळीकडे खडी आहे. सोबत छोटा टॉर्चही घ्या. वाघिणीचं (मालगाडीच्या वॅगनचं) खरं वाचन डब्याच्या खाली असतं आणि तिथे उजेड पोचत नाही.

बहुतेक लोक इथे वाफेची इंजिनं बघायला येतात. मला विचाराल तर आधी ट्रान्सफर शेड बघावी. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मूळ रुळांची रुंदी ७ फूट पाव इंच, म्हणजे २१४० मिलिमीटर होती. बाकी देश १४३५ मिलिमीटरवर धावत होता. दोन्ही रूळ एकत्र आले की माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे, तोही माणसांच्या पाठीवरून. त्याच कामासाठी ही शेड होती. रुंद रूळ मे १८९२ मध्ये कायमचे गेले. आपल्याकडे मिरज किंवा मनमाडला मीटर गेज आणि ब्रॉड गेज यांच्यामधली चढउतार ज्यांनी बघितली आहे, त्यांना ती शेड बघताच तिचं काम कळेल.

आता वाघिणी. कुठल्याही वाघिणीसमोर उभं राहिल्यावर डब्याकडे लगेच बघू नका. लांबीच्या बाजूने चौकटीची जी आडवी तुळई जाते, तिच्यावर ओतीव लोखंडाची छोटी पट्टी असते. तिच्यावर क्रमांक, कारखाना आणि बांधणीचं साल मिळतं. डबा वेगळ्या काळातला आणि पट्टी वेगळ्या काळातली दिसली की समजा, हिचं रूपांतर झालंय. मग दोन्ही आसांमधलं अंतर बघा. ब्रिटनची जुनी खुली वाघीण बहुधा ९ फुटांची. १० फूट किंवा जास्त अंतर, व्हॅक्यूम ब्रेक (इंजिनातून गाडीभर चालणारा) आणि बाजूला 'एक्सपी' ही अक्षरं असली, तर ती प्रवासी गाडीला जोडायची परवानगी होती. शेवटी कपलिंग, म्हणजे दोन वाघिणी जोडणारी साखळी. साध्या तीन कड्यांच्या साखळीत मधली कडी नासपतीच्या आकाराची दिसली तर ते 'इन्स्टँटर' कपलिंग. ती कडी आडवी फिरवली की साखळी आखूड होते आणि दोन वाघिणींमधली ढील कमी होते.

ही ढील क्षुल्लक नव्हे. ज्या वाघिणींना गाडीभर चालणारा ब्रेक नव्हता, त्यांची गाडी फक्त इंजिनाच्या आणि शेवटच्या ब्रेक व्हॅनच्या (गार्डच्या डब्याच्या) जोरावर थांबायची. उतार लागण्याआधी गाडी उभी करून गार्ड आणि फायरमन वाघिणींचे हातब्रेक दाबून खिट्ट्या घालत. उतार संपला की पुन्हा थांबून त्या काढाव्या लागत. ड्रायव्हरने झटका देऊन गाडी ओढली तर ढिल्या साखळ्या एकामागून एक ताणल्या जात आणि कमकुवत कडी तुटे. ब्रेकच्या दांड्यामागची तऱ्हा खाली वाकून बघाच. मॉर्टन पद्धतीत एका बाजूला दातेरी क्लच असतो, कारण दोन्ही बाजूंचे दांडे खाली दाबूनच ब्रेक लागायला हवा, आणि एका बाजूची हालचाल उलटवल्याशिवाय ते जमत नाही.

ग्रेट वेस्टर्नने वाघिणींना तारेची सांकेतिक नावं दिली होती. 'खालून वाकवलेली, जड यंत्रं नेणारी वाघीण पाठवा' असं लिहिण्याऐवजी तारेत फक्त 'क्रोकोडाइल' लिहायचं, पुढे आकारासाठी एक अक्षर. बंद डबा 'मिंक', ब्रेक व्हॅन 'टोड', मांसाचा डबा 'मायका', धान्याचा हॉपर (तळातून रिकामा होणारा डबा) 'ग्रॅनो', दारूगोळ्याचा डबा 'कोन' आणि जहाजांचे पंखे नेणारी वाघीण 'मोरेल'. यातल्या बऱ्याच जाती डिडकॉटमध्ये प्रत्यक्ष बघता येतात.

'मिंक'चा लोखंडी अवतार नीट बघण्यासारखा आहे. १८८० च्या दशकात कंपनीने पूर्ण लोखंडी पत्र्याचे बंद डबे काढले आणि हजारोंनी बांधले. लाकूड कुजतं, पत्रा टिकतो, हा हिशेब बरोबर होता. पण थंड रात्री पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि ते मालावर ठिबकतं. पुढचे डबे पुन्हा लाकडी झाले. 'कोन' याच लोखंडी डब्यापासून निघाला. आतून लाकडाचं अस्तर, कारण लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडता कामा नये; माल भरणाऱ्यालाही खिळ्यांचे बूट घालून आत जायची मुभा नव्हती. 'मायका'ला पांढरा रंग आणि त्यावर लाल अक्षरं होती. ऊन परतवायला तो पांढरा रंग होता, आतल्या भिंती जाड आणि बर्फाचे कप्पे टोकांना.

'क्रोकोडाइल'चा मधला भाग रुळांपासून जेमतेम वर असतो, कारण ब्रिटनमधले पूल आणि बोगदे फार लवकर, म्हणूनच लहान मापाचे बांधले गेले. रूळ आपल्यापेक्षा २४१ मिलिमीटरने अरुंद, आणि वरची मोकळी जागा तर त्याहून तोकडी. बॉयलर किंवा ट्रान्सफॉर्मर उंच असला की वर जागा उरत नाही, म्हणून वाघीणच खाली वाकवायची. भरताना वजन खोलगट भागाच्या बरोबर मध्ये यायला हवं. ते सरकलं तर एका टोकाच्या बोगीवर (चाकांच्या गाड्यावर) जास्त भार पडतो, दुसरी हलकी होते आणि हलकी बोगी वळणावर रुळावर चढते. पोलादाच्या रुंद पत्र्यांसाठी दुसरा उपाय होता: 'ट्रेस्ट्रोल' वाघिणीवर तिरका सांगाडा उभारून पत्रा कलता ठेवायचा, म्हणजे त्याची रुंदी मापात बसते.

धक्क्याची वाघीण दिसली तर चुकवू नका. तिच्या बाजूवर तीन उभे पांढरे पट्टे असतात. डबा चौकटीपेक्षा आखूड असतो, तो चौकटीवर पक्का बसवलेला नसून स्प्रिंगांच्या आधाराने पुढे-मागे सरकतो. काच, कौलं, चिनी मातीची भांडी यांच्यासाठी ती बांधली होती.

१९७० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेने संगणकासाठी तीन अक्षरी कोड आणले, ते पाठ असले की पुढचं सगळं सोपं. पहिलं अक्षर जातीचं: एच म्हणजे हॉपर, एम म्हणजे खनिज, व्ही म्हणजे बंद डबा, वाय आणि झेड म्हणजे रेल्वेची स्वतःची कामाची वाघीण. शेवटचं अक्षर ब्रेकचं: ओ म्हणजे गाडीभर चालणारा ब्रेक नाही, व्ही म्हणजे व्हॅक्यूम, ए म्हणजे हवादाब, बी म्हणजे हवादाबाचा ब्रेक आणि सोबत व्हॅक्यूमची नुसती नळी. एकाच वाघिणीवर 'एचटीओ' पुसून 'एचटीव्ही' लिहिलेलं दिसलं, तर तिला मधल्या काळात ब्रेक बसवला गेला.

शिल्डनच्या रेल्वे संग्रहालयासाठी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून डार्लिंग्टन गाठायचं, सुमारे अडीच तास. वाटेत थर्स्क येतं. गाडी तिथे बहुधा थांबत नाही, पण ब्रिटनच्या मालवाहतुकीत या जागेचं वजन मोठं आहे. ३१ जुलै १९६७ रोजी क्लिफहून अडिंग्स्टनला जाणाऱ्या सिमेंटच्या गाडीतल्या 'सेमफ्लो' वाघिणी इथे घसरल्या. एक वाघीण शेजारच्या जलद मार्गात आडवी आली आणि एडिनबरोकडे जाणारी प्रवासी गाडी तिच्यावर आदळली. सात माणसं मेली. त्या गाडीचं इंजिन डीपी२ हे त्या जातीचं एकुलतं एक होतं, ते पुन्हा कधी धावलं नाही. दोन आसांच्या वाघिणीची चाकं आणि लटकणीचे भाग थोडे थोडे झिजले की विशिष्ट वेगाला ती आडवी डोलू लागते. प्रत्येक झीज एकेकटी मोजली तर मापात असते, पण सगळ्या एकत्र आल्या की डोलणं थांबत नाही. त्या दशकात अशा घसरणी वाढल्या होत्या. आखूड वाघिणींचा वेग कमी केला गेला आणि डर्बीच्या संशोधन केंद्रात ॲलन विकेन्स यांच्या चमूने चाक आणि रूळ यांचं गणित नव्याने मांडलं. झुकत्या एपीटी (ॲडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन) गाडीचा पाया त्याच कामात आहे. सिमेंटच्या साध्या वाघिणीने वेगवान प्रवासी गाडीला एवढं शिकवावं, हे मला फार मोठं वाटतं.

डार्लिंग्टनला बिशप ऑकलंडची गाडी पकडा. पंचवीसेक मिनिटांत शिल्डन येतं आणि 'लोकोमोशन' संग्रहालय स्टेशनाला लागूनच आहे. प्रवेश फुकट. पहिलं मोठं दालन २००४ चं, दुसरं २०२४ चं. यॉर्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी वाहनांची अदलाबदल चालू असते. एखादीच वाघीण मनात धरून जात असाल तर ती सध्या कुठे आहे ते आधी विचारा.

इथे 'चॉल्ड्रन' पासून सुरुवात करावी. तिरक्या भिंतींचं लाकडी खोकं, ५३ हंड्रेडवेट म्हणजे २.७ टनांच्या आसपास कोळसा, तळाला दार. रूळ उंच मचाणावर न्यायचा, खिट्टी काढायची, कोळसा खाली. १८२५ च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेच्या काळची ही युक्ती आणि याच गावात पुढे बांधलेला 'एचएए' हॉपर यांच्यात तत्त्वाचा फरक नाही.

'एचएए' म्हणजे कोळशाच्या फिरत्या गाड्यांची वाघीण. पहिला नमुना डार्लिंग्टनला १९६४ मध्ये झाला आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या शिल्डनच्या कारखान्यात बांधल्या गेल्या, अकरा हजारांच्या घरात. कारखाना १९८४ मध्ये बंद पडला. दोन आसा, मधे १८ फूट ३ इंच, डिस्क ब्रेक, सुमारे ३२ टन कोळसा. ओळख सोपी: हॉपर बिनरंगाच्या धातूचा आणि त्याला धरणारा सांगाडा तपकिरी किंवा लाल.

हिची सगळी करामत तळाच्या दारांत होती. वीजकेंद्राच्या शेडमध्ये रुळाशेजारी ठोकर बसवलेली असे. गाडी ताशी अर्धा मैल वेगाने सरकत असताना वाघिणीचा दांडा तिला लागे, दारं उघडत, कोळसा रुळाखालच्या खड्ड्यात पडे आणि शेडच्या टोकाची ठोकर दारं परत मिटवत असे. गाडी थांबत नसे, इंजिन सुटत नसे, गोल वळसा घालून परत खाणीकडे. तीसेक वाघिणींचे हजारेक टन असे रिकामे होत. पण एवढा सावकाश आणि एकसारखा वेग हाताने राखता येत नाही. त्यासाठी इंजिनाला वेगळं नियंत्रण बसवावं लागलं. ओला कोळसा थंडीत गोठला तर दार उघडूनही तो हॉपरच्या भिंतींना चिकटून राही. दार पूर्ण मिटलं नाही तर परतीच्या वाटेवर चुरा सांडत जाई. शिवाय खाणींवर झटपट भरणारे बंकर वेळेवर उभे राहिले नाहीत, तिथे भरायला लागणाऱ्या वेळात उतरवताना वाचवलेला वेळ वाया जाई. आपल्याकडे कोरबा, सिंगरौली, रामगुंडमच्या वीजकेंद्रांत 'एमजीआर' (मेरी-गो-राउंड) हा शब्द आजही चालतो, तो याच पद्धतीचा.

चुरा उडू नये म्हणून काहींच्या माथ्यावर पत्र्याचं कुंपण चढवलं, त्या 'एचसीए' झाल्या. कोळसा कमी झाल्यावर १९९७ पासून हॉपर काढून त्याच चौकटीवर सपाट तळाचं उघडं खोकं बसवलं गेलं, रुळांची जुनी खडी नेण्यासाठी. तिचं नाव 'कोलफिश'. रेल्वेच्या कामाच्या वाघिणींना माशांची नावं द्यायची चाल जुनी आहे, त्यात कोळसाही बसला! त्या कुळातली 'डॉगफिश' जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या वारसा रेल्वेंवर अजून राबते. २४ टन खडी, एका टोकाशी तीन हातचाकं: डावं, मधलं, उजवं. चाक एकदम उघडलं तर खडीचा ढीग रुळावर चढतो आणि मागची चाकं त्यावरून घसरतात. म्हणून मागे 'शार्क' ब्रेक व्हॅन असते, तिच्या पोटाखालचा नांगर ढीग सपाट करत जातो.

कॉर्नवॉलला जायचं तर पॅडिंग्टनहून पेन्झान्सची गाडी धरून बॉडमिन पार्कवेला उतरा. तिथून बॉडमिन अँड वेनफर्ड ही वारसा रेल्वे सुटते आणि तिच्याकडे 'क्लेहूड' आहेत. सेंट ऑस्टेलच्या परिसरातली पांढरी चिनी माती फॉई बंदराच्या कार्न पॉइंटला या वाघिणींतून जायची. १३ टनी, लाकडी डबा, एका टोकाला उघडणारा फाळका. धक्क्यावर वाघिणीचं एक टोक उचलायचं, फाळका सुटतो, माती घसरते. डबा लाकडी, कारण पांढऱ्या मातीला गंजाचा डाग चालत नाही.

अडचण ताडपत्रीची होती. सपाट ताणलेली ताडपत्री मधे झोळ धरायची, त्यात पावसाचं पाणी साचायचं आणि माती भिजली की ती घसरायचं नाव काढत नसे. १९७४ पासून डब्याच्या मधोमध लांबीने दांडी बसवून त्यावर तंबूसारखं निळं आच्छादन टाकलं गेलं. एवढ्या एका दांडीने जुन्या वाघिणींना १९८८ पर्यंत आयुष्य मिळालं. त्यांच्या जागी आलेली 'सीडीए' ही 'एचएए'चीच बहीण: तीच चौकट, तोच तळाने रिकामा होणारा हॉपर, वर गुंडाळता येणारं आवरण. पहिला नमुना तर कोळशाच्या एका 'एचएए'लाच बदलून केला होता.

बॉडमिनला क्लेहूड बघताना फाळक्याच्या बिजागऱ्या आणि दांडीचे टेकू दोन्ही टोकांना तपासा. दांडी नंतर बसवल्याच्या खुणा तिथेच सापडतात. परतीच्या गाडीला वेळ असेल तर पेन्झान्सच्या दिशेने एक स्टेशन पुढे लॉस्टविथिएलला जा. कार्न पॉइंटची मालवाहू शाखा तिथूनच नदीच्या काठाने फुटते. प्रवाशांना ती बंद आहे, पण फाटा नीट बघता येतो.